खुंटीवरची माळ

काविळीची माळ बांधून झाली की ती घरात ठेवायची नाही, हा वच्छलाबाईंच्या सासूनं घालून दिलेला नियम. ज्याच्या नावानं बांधली त्याच्या डोक्यावर ती त्याच सकाळी चढली पाहिजे, आणि वाढत वाढत बेंबीपर्यंत उतरली की तिथूनच नदीच्या वाहत्या पाण्यात गेली पाहिजे. मधे कुठं टांगायची नाही, कुठं विसावायची नाही. का, ते सासूनं सांगितलं नव्हतं आणि वच्छलाबाईंनी विचारलं नव्हतं. सासूला का म्हणून विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

त्यामुळं झालं असं, की नवी नवरी म्हणून आल्यापासून नातवंडं शाळेत जाईपर्यंत वच्छलाबाईंनी माळा बांधल्या त्याला गणती नाही. पण माळेचं पुढं काय होतं ते माणसाच्या अंगावर सोडून दुसऱ्या कुठल्याही जागी त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

गाव वरवट बकालच्या बाजाराला लागून. वच्छलाबाईंचे मालक उत्तमराव विहिरीच्या पाण्यावर वांगी, मिरची, मेथी काढायचे आणि बाजाराला न्यायचे. दर रविवारी दिवस उगवायच्या आत वच्छलाबाई आंघोळ करून ओल्या केसांनी बांधावर जायच्या आणि घेटुळीचे वेल उपटून आणायच्या. हिरव्या रसरशीत काड्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि कच्च्या सुताच्या फासात एकेक तुकडा आवळत माळ गुंफायची. गाठ मारायची नाही, नुसता फास. काडीला काडी भिडलेली. बांगडीपेक्षा थोडी मोठी अशी ती माळ रोग्याच्या टाळूवर ठेवायची. मग ती वाढायची. टाळूवरून कपाळावर, कपाळावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर. माळ जितकी लांब झाली तितकी कावीळ उतरली, असं सगळा मुलूख मानत होता. मोताळ्याहून, शेगावहून माणसं यायची.

पैसा घ्यायचा नाही. रोग्याच्या घरचं काही तोंडात घालायचं नाही. गुरुवारी शेगावला महाराजांच्या दर्शनाला जायचं तेही आपल्या मेथीच्या पैशानं. आणि सगळ्यात कडक नियम हा, की माळ अंगावर आहे तोवर सुई टोचून घ्यायची नाही. सुई टोचली की माळ थांबते.

धाकटी जाऊ केसरबाई सूत धरायला शेजारी बसायची. फास टाकायचं तिला बघून बघून आलं होतं, पण माळ द्यायचा मान थोरलीचा.

"बाई, तुमच्या हाताले यश हाये," ती म्हणायची.

"यश महाराजाचं. हात नुसता माहा."

हे वच्छलाबाई मनापासून म्हणायच्या. त्यांच्या पोटात कपट नव्हतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढं जे झालं ते कपटानं झालेलं नाही. म्हणूनच तर त्याची जास्त भीती वाटते.

त्या वर्षी भादव्यात टाकीकडून येणारा नळाचा पाइप नाल्यापाशी फुटला, आणि कुणाच्या ध्यानात येईस्तोवर गाव तेच पाणी पीत राहिलं. मग एकेका घरातून पिवळे डोळे बाहेर यायला लागले. रविवारी ओसरी पुरेना. गावची आशाताई धम्मशीला पाणी उकळून प्या म्हणून घरोघर सांगत फिरत होती. वच्छलाबाईंच्या ओसरीशी आली की पायरीखाली उभी राहून बोलायची. वर ये असं तिला कुणी म्हटलं नव्हतं, आणि तीही चढत नव्हती.

"काकू, माळ नका बांधू, असं मी म्हनत नाई. पन त्यायले सांगा ना, का रक्त तपासून घ्या म्हून. तुमचं ऐकते गाव. माहं कोन ऐकते?"

"ज्याले तुह्या गोळ्या खाच्या त्यानं खा, बाई. पन माळ खोटं बोलत नाई. वाढलेली डोळ्यानं दिसते."

"दिसते खरी," धम्मशीला म्हणाली. "पन ते कावीळच उतरून राह्यली हे कशावरून?"

ओसरीवरच्या बायका खदखदल्या. "हे तं मोठी डॉक्टरीनच झाली व माय!" केसरबाई म्हणाली. धम्मशीलाही थोडं हसली आणि पिशवी सावरून पुढच्या घरी गेली.

त्या रविवारी पहिली माळ बांधली ती शेजारगावच्या रंगरावांसाठी. रंगराव म्हणजे उत्तमरावांचे बाजारातले जोडीदार. त्यांचाही भाजीचाच धंदा, दोघांची पालं शेजारी शेजारी. निरोप आधीच आला होता: रविवारी येतो, माझ्या नावानं बांधून ठेवा. अन्न नको झालेलं, लघवी पिवळीजर्द, तरी माळ रविवारीच मिळते म्हणून ते घरीच पडून होते.

रंगराव यायच्या आधी मागच्या आळीतल्या कौशल्याबाई आल्या. सोबत लेक प्रतीक्षा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणलेली. पोट चांगलंच दिसत होतं. चालताना ती भिंतीला हात लावत होती.

वच्छलाबाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत हळद लावल्यासारखं. पोटुशीला माळ बांधली होती का आपण कधी? बांधली होती एकदा, मोताळ्याकडची होती ती. तिचं पुढं काय झालं? कळलं नव्हतं. पुष्कळांचं कळत नसे. बरे होत ते नारळ घेऊन येत. जे येत नसत तेही बरेच झाले असणार, येणं जमलं नसेल, असं धरून चालायची सवय लागून गेली होती.

"धम्मशीला म्हनते खामगावले नेऊन रक्त दाखवा," कौशल्याबाई म्हणाल्या. "पोटुशीले कावीळ वाईट म्हनते. तुमी सांगा तसं करतो, वच्छलाबाई. तुमी नेऊ म्हना, आत्ता नेतो."

एवढा सरळ प्रश्न त्यांना कुणी टाकला नव्हता. ओसरीवरच्या साऱ्या बायका कान देऊन बसलेल्या. वच्छलाबाईंनी तिच्यासाठी दुसरी हिरवी माळ बांधून प्रतीक्षाच्या भांगावर ठेवली, महाराजांचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, "माळ हाये तंवर सुई नको."

कौशल्याबाईंचा चेहरा एकदम मोकळा झाला. तो मोकळा झालेला चेहरा पुढं वच्छलाबाईंच्या डोळ्यांसमोरून कधी गेला नाही.

रंगराव आलेच नाहीत. दुपारी कळलं, पोरानं त्यांना सकाळीच गाडीत घालून अकोल्याला नेलं. माळ उरली. डोक्यावर न चढलेली माळ नदीत सोडावी की काय करावं, याबद्दल सासूनं काही सांगून ठेवलं नव्हतं. वच्छलाबाईंनी ती देवघराशेजारच्या खुंटीला टांगली. खुंटीखाली पतपेढीचं कॅलेंडर होतं, वर महाराजांचं चित्र, खाली तारखा.

"टांगून काऊन ठेवली?" उत्तमराव म्हणाले. "दे इकडं, अकोल्याच्या डॉक्टरच्या डोक्यावर ठेवून येतो. तोही थंडा होईन."

"तुमाले तं सारी मस्करीच सुचते."

माळ टांगली तेव्हा ती कॅलेंडरच्या वरच्या पट्टीलाही पोचत नव्हती. एके दिवशी पोथीला बसताना वच्छलाबाईंना ती चित्रावर आलेली दिसली. उंदरानं ओढली असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. पण उंदीर चढायला तिथं काही नव्हतं. पुढं ती महाराजांच्या पायाशी आली, आणि मग तारखांवर उतरली. कुणाचं डोकं नाही, कुणाचं अंग नाही, आणि माळ आपली वाढतेच आहे.

घरात कुणी नसताना त्या खुंटीसमोर उभ्या राहिल्या. मग एकदम सुचलं, आणि सुचलं तसं हायसं वाटलं: रंगरावांच्या नावानं बांधलेली माळ आहे ही! तिकडं अकोल्यात त्यांची कावीळ उतरत असणार. त्यांनी हात जोडले.

"अवो, पहा! रंगराव बरे होऊन राह्यले तिकडं," संध्याकाळी त्यांनी मालकांना दाखवलं.

उत्तमरावांनी माळेकडं पाहिलं. "इथून अकोल्यालोक रेंज हाये तुह्या माळेले? बाप्पा! मोबाइलले तं विहिरीलोक नाई राहत."

त्या हसल्या. पण मग त्यांनी मालकांचा टॉवेल घेतला आणि खुंटीवर माळेवरून टाकला. टॉवेलची जागा तिथं नव्हती. टॉवेल वाळवायची दोरी अंगणात होती.

कौशल्याबाई आल्या त्या साखरेची पुडी घेऊनच. "उतरली, वच्छलाबाई! माळ छातीवर आली पोट्टीच्या. आता बेंबीले किती वेळ? आधी अंग खाजवून खाजवून जीव जाये तिचा, आता कशी गाढ झोपते. उठवलं तरी उठत नाई. अन् काय बोलते झोपेत! सकाळी मलेच म्हने, बाई, घंटा झाली काय. हसू हसू मेलो आमी."

"खाते काय?"

"खानं नाई काही. ओकून टाकते. पन माळ तं उतरली ना?"

वच्छलाबाईंनी साखर हातावर घेतली. तोंडात टाकायची नाही हा नियम होता. कौशल्याबाई गेल्यावर त्यांनी ती मुंग्यांना टाकली, आणि टॉवेल झटकायच्या निमित्तानं खुंटीपाशी गेल्या. माळ तारखांच्या शेवटच्या ओळीवर होती. त्यांनी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं मनाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उत्तमराव बाजारातून लवकर परतले. टोपल्यात वांगी तशीच. अंगणातच बसले, चपलाही काढल्या नाहीत.

"रंगराव गेला," ते म्हणाले. "परवाच गेला. काल माती झाली, अन् मले आज बाजारात समजते. त्याच्या पालाची जागा मोकळी दिसली म्हून इचारलं तं..."

वच्छलाबाई पदर सावरून उठल्या त्या सरळ खुंटीपाशी. टॉवेल ओढून काढला. माळ कॅलेंडरच्या खाली उतरून भिंतीवर लोंबत होती. काल शेवटच्या ओळीवर होती. परवा गेलेल्या माणसाची कावीळ काल उतरत होती, आजही उतरत होती.

त्यांनी माळ खाली काढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाढलेली माळ त्यांच्या हातात होती, आणि ती अंगावरची नव्हती, म्हणून तिला न्याहाळायला भीती नव्हती. काड्या वाळून करकरीत झाल्या होत्या, हिरव्या होत्या त्याच्या निम्म्याही जाड राहिल्या नव्हत्या. ज्या फासात काडी आवळून बसवली होती तो फास आता ढिला, आणि फासातलं सूत उतरून माळेत आलेलं. प्रत्येक काडीपाशी थोडं थोडं. एवढंच. माणूस असो, भिंत असो, घेटुळी वाळणार आणि सूत सुटणार.

समोर महाराज होते. त्यांनी काही कबूल केलं नव्हतं आणि काही नाकारलं नव्हतं. माळ त्यांच्या शेजारी आपोआप वाळत होती, आणि त्यांचं नाव तिला आपण लावत होतो. न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून सांगत होतो, तीही त्यांच्या साक्षीनं. देवावर भरवसा ठेवणं वेगळं, आणि आपल्या न तपासलेल्या बोलण्यावर देवाचा शिक्का मारणं वेगळं, हे त्यांना त्या खुंटीपाशी कळलं. आणि त्या कळण्याच्या पाठोपाठ प्रतीक्षाची झोप आठवली.

"धम्मशीलाले फोन लावा," त्या म्हणाल्या. "गाडी घेऊन कौशल्याबाईच्या घरी ये म्हना. आत्ताच्या आत्ता."

"काय झालं?"

"लावा ना तुमी!"

माळ हातात तशीच धरून त्या मागच्या आळीत गेल्या. प्रतीक्षा खाटेवर पडली होती. छातीवर माळ, चेहरा झेंडूसारखा पिवळा. श्वासाला कुजकट गोडसर वास. वच्छलाबाईंनी तिचा गाल थोपटला.

"प्रतीक्षा, मी कोन? वळख मले."

तिनं डोळे अर्धे उघडले. "दप्तर कुठी हाये माहं?" म्हणाली, आणि पुन्हा मिटले.

"कौशल्याबाई, पोरीले दवाखान्यात न्या. सुई टोचू द्या, सलाइन लावू द्या, जे म्हनतीन ते करू द्या."

कौशल्याबाई खुळ्यासारख्या पाहत राहिल्या. "आता? आता तं उतरली ना? बेंबीले इतकीशीच राह्यली. तुमीच तं म्हटलं होतं..."

"म्हटलं होतं. पाहिलं नव्हतं." त्यांनी हातातली माळ प्रतीक्षाच्या माळेशेजारी धरली. खुंटीवरची जास्तच लांब होती. "हे भिंतीवर वाढली. भिंतीले कावीळ झाली होती काय? ज्याच्या नावानं बांधली तो रंगराव परवा गेला, अन् हे वाढूनच राह्यली."

"असं नका बोलू, वच्छलाबाई. तुमी असं बोललं तं आमी कोनाकडं पाहाचं?"

त्यांनी प्रतीक्षाच्या अंगावरची माळ ओढली. सूत वाळकं होतं, पटकन तुटलं, काड्या गोधडीवर सांडल्या. कौशल्याबाई किंचाळल्या. तेवढ्यात गाडी दारात आली, आणि धम्मशीला कुणाला न विचारता सरळ आत शिरून पोरीच्या खाकेत हात घालून उभी राहिली. "धरा, काकू," एवढंच म्हणाली. तिघींनी मिळून प्रतीक्षाला गाडीत घातलं. खामगावनं अकोल्याला पाठवलं.

प्रतीक्षा वाचली. लेकरू पोटातच गेलं.

ती घरी परतायच्या आधीच गावानं आपलं ठरवून टाकलं होतं. माळेनं पोरगी वाचवली आणि सुईनं लेकरू नेलं. नळावर, पिठाच्या गिरणीत, पारावर हेच. थोरल्या बाईनं ऐन वेळी माळ तोडली, नाहीतर दोघंही सुखरूप राहिले असते. डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून सांगितलं होतं, पण ते बोलणं अकोल्यातच राहिलं, गावात आलं नाही.

कौशल्याबाईंनी बोलणं टाकलं होतं. एकदा नळावर समोरासमोर आल्या. कौशल्याबाईंनी आपली भरलेली कळशी बाजूला ओढली. मग खाली पाहूनच म्हणाल्या, "माळ होती तंवर पोट हालत होतं, वच्छलाबाई."

वच्छलाबाईंची कळशी भरून वाहत राहिली.

आजवर माळेकडून जेवढं खोटं वदवून घेतलं तेवढं आता आपणच खरं सांगायचं, असं ठरवून रविवारी त्यांनी कुणाच्याही नावाशिवाय एक माळ बांधली, सगळ्यांसमोर दाराच्या कडीला अडकवली, आणि माळ मागायला आलेल्यांना म्हणाल्या, "मी कोनाले बांधत नाई. हे पाहून जा, अन् पुढच्या रविवारी येऊन पुन्हा पहा. तंवर दवाखान्यात जा."

पुढच्या रविवारी बायका आल्या. कडीवरची माळ उंबऱ्याला टेकायला आली होती. मग एकीनं वाकून उंबऱ्याला हात लावला आणि कपाळाला नेला. "काय शक्ती हाये माय," ती शेजारणीला म्हणाली, "कडीलेही गुन येऊन राह्यला." दुसरीनं एक वाळकी काडी मोडून पदरात बांधली.

वच्छलाबाई ओरडल्या. अशा आयुष्यात कधी ओरडल्या नसतील. "अवं, कडीले कायचा गुन? वाळली ते! वाळली म्हून वाढली!" बायका एकमेकींकडं बघत पायऱ्या उतरल्या. पोरीच्या लेकराचा धसका घेतला बाईनं, असं कुणीतरी हळूच म्हणालं.

मग ओसरी ओस पडली. ओसरीवर वच्छलाबाई एकट्या बसायच्या आणि त्यांना बरं वाटायचं. गेले असतील लोक दवाखान्यात.

एका रविवारी सकाळी धम्मशीला आली आणि सवयीनं पायरीखाली थांबली.

"वर ये ना," वच्छलाबाई म्हणाल्या. "बस इथं."

धम्मशीला चढली, सतरंजीच्या कडेला बसली. "ओसरी रिकामी पाहून खुश नका होऊ, काकू," ती म्हणाली. "केसरकाकूच्या अंगनात जाऊन पहा."

केसरबाईचं दार मागच्या बोळात. वच्छलाबाई गेल्या तेव्हा अंगणभर माणसं होती. केसरबाई पाटावर ओल्या केसांनी बसलेली, मांडीवर हिरव्या काड्यांचा ढीग. बोटं झरझर चालली होती. काडी, फास, काडी, फास. तो फास वच्छलाबाईंचाच होता. डावीकडून आवळायची त्यांची सवयसुद्धा जशीच्या तशी तिनं उचलली होती.

"केसर, तुनं पाह्यलं होतं ना कडीवर? तुह्याच डोळ्यानं?"

"पाह्यलं, बाई."

"मंग?"

केसरबाईनं मान वर केली नाही. "मंग काय? लोकं म्हनतात, महाराजानं तुमच्याकडून काढून घेतलं अन् माह्या हाती देलं. मी नाई म्हनत. आता दारात आलेल्याले नाई कसं म्हनाव? काही झालं तं गुन, नाई झालं तं नाई. माळेनं कोनाचं वाईट होते?"

पुढं एक बाई होती, शेजारी सहासात वर्षांची पोर. पोरीचे डोळे पिवळे, ओठ पांढरे. केसरबाईनं माळ तिच्या टाळूवर ठेवली, महाराजांचं नाव घेतलं. मग बाईकडं वाकून, खालच्या आवाजात, अगदी वच्छलाबाईंच्याच आवाजात म्हणाली, "माळ हाये तंवर सुई नको."

बाईचा चेहरा मोकळा झाला.

वच्छलाबाईंच्या मनात आलं, आपण ते वाक्य ज्याला ज्याला दिलं ते त्याच्यापाशी राहिलं असेल, आणि त्यानं ते पुढं कुणाकुणाला दिलं असेल, कुठल्या कुठल्या गावात. आता त्याला आपली गरजसुद्धा उरलेली नाही. त्या तुळशीच्या ओट्याला टेकल्या. मग त्या दिवसापासून कमरेला खोचून ठेवलेली खुंटीवरची माळ चाचपली. ती त्यांनी नदीत सोडली नव्हती, सोडणारही नव्हत्या.

बाई पोरीचं बोट धरून बोळातून निघाली होती. पोरीच्या डोक्यावर हिरवी माळ ओलसर चमकत होती.

"अवं बाई, थांब! जराशीक थांब, एक दाखवतो तुले!"

बाईनं वळून पाहिलं, ओळखलं, आणि पोरीला ओढून पाय उचलला. वच्छलाबाईंनी हातात माळ घेतली, चपला तिथंच राहिल्या, आणि त्या तिच्या मागं चालू लागल्या. बोळ संपून रस्ता लागला तरी थांबल्या नाहीत.